गोळीनं पोरगं गप बसलं, म्हणजे आजार होताच का?

सोलापूरच्या पूर्व भागात दुपारी ऊन तापलं की गल्लीत दोनच आवाज उरतात. यंत्रमागांची खडखड आणि ओट्यावर विड्या वळणाऱ्या बायकांच्या गप्पा. आमच्या शेजारच्या आजी लग्न होऊन आल्यापासून विड्या वळतायत. मांडीवर सूप, हातात पान, नजर कुठेही असली तरी बोटं चुकत नाहीत. गेल्या महिन्यात त्यांनी मला हाक मारली. मी निवृत्त गणिताची बाई, त्यामुळे गल्लीतले शाळेचे, दवाखान्याचे, रेशनचे सगळे प्रश्न माझ्याकडे येतात.

"बाई, आमच्या नातवाला डॉक्टरनी गोळी चालू केली की. आता वर्गात गप बसतंय. मग आजार होताच म्हणायचा ना? नुसता वांडपणा असता तर गोळीनं थांबला असता का?"

तर्क एकदम चोख. गणितात असता तर मी पूर्ण गुण दिले असते. गंमत अशी की जगातले भले भले डॉक्टर हाच तर्क सुमारे चाळीस वर्षं करत होते, आणि तो चुकीचा निघाला. तो कसा निघाला याची गोष्ट एका बाईंच्या संशोधनाशी बांधलेली आहे. आजींना मी ती तुकड्यातुकड्यांत सांगितली, इथे जरा सलग सांगते.

आधी आजाराचं नाव. एडीएचडी. मराठीत अवधान-अभाव आणि अतिचंचलता वगैरे म्हणतात, पण दवाखान्यात आणि पालकांच्या तोंडी एडीएचडीच रुळलंय. यात तीन गोष्टी येतात: लक्ष न टिकणं, सतत चुळबुळ आणि उतावळेपणा. सगळ्या मुलांत तिन्ही सारख्या नसतात. काही मुली तर अजिबात चुळबुळत नाहीत, शेवटच्या बाकावर खिडकीबाहेर बघत शांत बसतात. त्यांनी कुणाला त्रास दिलेला नसतो, म्हणून त्यांच्याकडे वर्षानुवर्षं कुणाचं लक्षच जात नाही.

"लक्ष नाही म्हणता, मग मोबाईलवर दोन तास कसा बसतो?" हा प्रश्न मला प्रत्येक आईनं विचारलाय. या मुलांना लक्ष असतं, लगाम हातात नसतो. मोबाईलमधला खेळ दर दोन सेकंदांना काहीतरी देतो: आवाज, रंग, गुण. गणिताचं पुस्तक जे देतं ते शुक्रवारच्या चाचणीत, तेही मिळालं तर. 'आत्ता' आणि 'नंतर' यांची ओढ या मुलांच्या डोक्यात फारच विषम असते. शिवाय वजाबाकी करताना हातचा धरून ठेवावा लागतो ना, तसा डोक्यात तात्पुरता धरून ठेवायचा जो कप्पा असतो, तोही अनेकांचा गळका असतो. "दप्तर ठेव, हात धू, डबा आण" यातलं दप्तर तेवढं ठेवलं जातं. बाकीचं वाटेत सांडतं.

आता गोळीकडे. १९३७ साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये चार्ल्स ब्रॅडली नावाचे डॉक्टर वर्तनाच्या तक्रारी असलेल्या मुलांच्या एका निवासी रुग्णालयात काम करत होते. त्या काळी मेंदूची छायाचित्रं काढण्याची पद्धत भयंकर होती, पाठीच्या कण्यातून द्रव काढून तिथे हवा भरत. नंतर मुलांची डोकी ठणकत. ती थांबावीत म्हणून ब्रॅडलींनी बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिलं. डोकेदुखीवर फारसा गुण आला नाही, पण त्यातली काही मुलं अभ्यासाला बसू लागली. मग त्यांनी तीस मुलांवर पाहणी केली आणि साधारण निम्म्यांचा शाळेतला फरक डोळ्यांत भरण्याजोगा निघाला. मुलंच त्या गोळ्यांना 'अंकगणिताच्या गोळ्या' म्हणत. चाळीस मुलांच्या वर्गासमोर खडू झिजवलेल्या बाईला हे नाव वाचून काय वाटलं असेल ते विचारू नका.

पुढे मिथाइलफेनिडेट आलं. १९४४ मध्ये ते बनवणारे रसायनतज्ज्ञ लिआंद्रो पानिझ्झोन यांनी बायकोच्या 'रीटा' या लाडक्या नावावरून त्याला रिटालिन म्हटलं. आज आपल्याकडे याच जातीची गोळी दिली जाते.

पण एक कोडं होतं. उत्तेजक म्हणजे ज्यानं माणूस तरतरीत होतो, झोप उडते. मग त्याच औषधानं ही मुलं शांत कशी होतात? डॉक्टरांनी उत्तर काढलं: यांच्या मेंदूची जोडणीच वेगळी असणार, म्हणून औषध उलटं काम करतं. याला 'विरोधाभासी परिणाम' असं भारदस्त नाव मिळालं. आणि त्यातून पुढची पायरी आपोआप आली. गोळी देऊन बघा, पोर शांत झालं तर आजार पक्का. म्हणजे आमच्या आजींचाच तर्क, फक्त पांढऱ्या कोटातला.

इथे येतात ज्युडिथ रॅपोपोर्ट. जन्म १९३३, न्यूयॉर्कचा. हार्वर्डच्या वैद्यकीय शाळेनं मुलींना दार उघडलं ते १९४५ मध्ये, आणि या तिथून १९५९ मध्ये डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. बालमानसोपचार हे क्षेत्र निवडलं आणि वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा इथल्या अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत आयुष्यभराचं काम केलं. १९८४ पासून तिथल्या बालमानसोपचार विभागाच्या त्या प्रमुख होत्या. मंत्रचळ आणि लहान वयात होणारा स्किझोफ्रेनिया यांवरचं त्यांचं कामही मोठं आहे, पण तो वेगळा विषय.

त्यांनी विचारलेला प्रश्न इतका साधा होता, की तो आधी कुणी का विचारला नाही याचंच नवल वाटतं. या मुलांवर औषध 'उलटं' चालतं म्हणता, तर ज्यांना काहीच झालेलं नाही अशा मुलांवर ते कसं चालतं हे कुणी पाहिलंय का?

कुणीच नीट पाहिलं नव्हतं. कारणही उघड आहे. धडधाकट पोराला ॲम्फेटामिनसारखं उत्तेजक कोण देईल? पालक देतील का? आज अशा प्रयोगाला परवानगी मिळणं अवघड जाईल, आणि मला विचाराल तर ते बरंच आहे. त्या वेळी वैद्यकीय क्षेत्रातल्या काही आईबापांनी आपली मुलं या पाहणीत दिली. चौदा मुलगे, सरासरी वय १० वर्षं ११ महिने. त्यांना वजनाच्या दर किलोमागे अर्धा मिलिग्रॅम डेक्स्ट्रोॲम्फेटामिन दिलं, आणि दुसऱ्या वेळी दिसायला तशीच पण आत औषध नसलेली गोळी. कोणती केव्हा दिली हे मुलांनाही माहीत नव्हतं आणि त्यांना तपासणाऱ्यांनाही नव्हतं. याला दुहेरी अंध चाचणी म्हणतात. डोळ्यांवर पट्टी बांधायची ती यासाठी, की आपल्याला जे दिसायला हवं असतं तेच आपल्याला दिसतं.

निकाल १९७८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. औषध घेतल्यावर ही धडधाकट मुलंही शांत झाली. हालचाल कमी झाली, चाचण्यांमधला प्रतिसाद झटपट आला, लक्ष लागणं सुधारलं. 'उलटा परिणाम' नावाची गोष्टच नव्हती. औषध सगळ्या मुलांवर एकाच दिशेनं चालत होतं. दोन वर्षांनी त्यांच्याच गटानं प्रौढ पुरुषांनाही त्यात घेतलं. मोठ्यांना औषधानं चढल्यासारखा आनंद वाटला, मुलांना नाही. मुलं म्हणाली, थकल्यासारखं वाटतंय, वेगळंच वाटतंय.

मी आजींना म्हटलं, उजनीच्या कालव्यावरच्या उसाला पाणी द्या, तो तरारतो. मंगळवेढ्याच्या जिरायत ज्वारीला द्या, तीही तरारते. म्हणून दोन्हीकडे दुष्काळ होता असं होतं का? पाण्यानं पीक हललं यावरून जमीन कोरडी होती की नाही हे कळत नाही, जमीन बघावी लागते. आजींचं माहेर मंगळवेढ्याकडचं, त्यामुळे पुढे जास्त बोलावं लागलं नाही.

मात्र यातून लोक दुसऱ्या टोकाला जातात. "सगळ्यांवरच चालतं ना, मग आजार खोटा, कंपन्यांनी काढलेला." असंही नाही. पाणी सगळ्यांना चालतं म्हणून दुष्काळ खोटा ठरत नाही. मुलाचं शिक्षण, मैत्री, घर यांत किती पडझड होतेय यावरून आजार ठरतो, गोळीच्या परिणामावरून नव्हे.

मग उत्तेजक औषधानं शांतपणा येतो तरी कसा? जुन्या मिलच्या काळातली माणसं असतील त्यांना हे लगेच उमजेल. खात्यात शंभर कामगार असले तरी कुणी कुठे जायचं, कुणी थांबायचं हे मुकादम बघायचा. मुकादम पेंगला की गोंधळ. आपल्या कपाळामागचा मेंदूचा भाग हा असा मुकादम आहे. त्याचं मुख्य काम 'थांब' म्हणणं. तिथल्या चेतापेशी एकमेकींना निरोप देतात ते डोपामिन आणि नॉरॲड्रिनलिन या रसायनांनी. एक पेशी रसायन सोडते, ते दुसरीपर्यंत पोचतं, आणि उरलेलं पहिली पेशी पुन्हा ओढून घेते. मिथाइलफेनिडेट ही परत ओढणारी वाट अडवतं, म्हणून निरोप जरा जास्त वेळ टिकतो. तरतरी येते ती मुकादमाला. तो जागा झाला की खातं आपोआप शांत होतं.

साखरेबद्दल न बोलता पुढे गेले तर माझ्या बहिणीला राग येईल. साखर कारखान्यांनी भरलेल्या या जिल्ह्यात राहून तिचा पक्का समज आहे, की गोड खाल्लं की मुलं पिसाळतात. रॅपोपोर्टबाईंच्या गटानं १९८० च्या दशकात हेही तपासलं. ज्यांचे पालक शपथेवर सांगत की साखरेनं आमचं पोर बिघडतं, अशाच मुलांना साखर आणि साखरेसारखं गोड पण साखर नसलेलं पेय देऊन पाहिलं. साखरेनं वागणं बिघडलं नाही. १९९४ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तर आयांनाच तपासलं. सगळ्या मुलांना बिनसाखरेचं पेय दिलं, पण निम्म्या आयांना सांगितलं की भरपूर साखर दिलीय. त्या आयांना आपली मुलं जास्त चंचल दिसली. (बहिणीला हे सांगितलं. ती म्हणाली, अमेरिकेतली साखर वेगळी असेल.)

पण रॅपोपोर्टबाईंच्या विभागातलं मला सगळ्यात आवडलेलं काम पुढचं आहे. एमआरआय यंत्रात क्ष-किरण नसतात. म्हणजे निरोगी मुलाचाही मेंदू पुन्हा पुन्हा, वर्षांच्या अंतरानं बघता येतो. त्यांच्या विभागानं तेच केलं. तीच मुलं काही वर्षांनी पुन्हा, आणि पुन्हा. संशोधनात हे फार दुर्मिळ असतं, कारण याला पैशापेक्षा धीर जास्त लागतो.

२००२ मध्ये झेवियर कॅस्टेलानोस आणि सहकाऱ्यांनी, त्यात रॅपोपोर्टही होत्या, एडीएचडी असलेली १५२ आणि नसलेली १३९ मुलं-मुली यांचे मेंदू मोजले. आजार असलेल्यांचे मेंदू आकारानं सरासरी तीनेक टक्के लहान निघाले. "औषधानंच मेंदू आकसला असणार" ही शंका तेव्हाही होती. एडीएचडी असलेल्यांपैकी ४९ मुलं कधीच औषध न घेतलेली होती, आणि त्यांच्यातही हा फरक होताच. शंका तिथेच निकालात निघाली.

२००७ चं काम त्याहून बोलकं. मेंदूची वरची साल लहानपणी जाड होत जाते, एका वयात कमाल जाडीला पोचते, आणि मग पातळ होऊ लागते. ज्वारी दाट पेरून नंतर विरळणी करतात ना, तसं काहीसं. नको असलेल्या जोडण्या गळतात, कामाच्या राहतात, असं शास्त्रज्ञ मानतात. फिलिप शॉ आणि रॅपोपोर्ट यांच्या गटानं एडीएचडी असलेली २२३ आणि नसलेली २२३ मुलं घेतली आणि मेंदूच्या सालीवरच्या सुमारे चाळीस हजार बिंदूंची जाडी मोजली. निम्मे बिंदू कमाल जाडीला कोणत्या वयात पोचतात? आजार नसलेल्यांत साडेसात वर्षांच्या सुमाराला. असलेल्यांत साडेदहा.

तीन वर्षांचा उशीर. क्रम तोच, वाट तीच, फक्त गाडी मागे. आणि हा उशीर सगळ्यात जास्त कुठे? कपाळामागे, म्हणजे मुकादमाच्या खोलीत. एकच भाग उलट थोडा लवकर तयार झालेला दिसला: शरीर हलवणारा.

आजी विडी वळता वळता थांबल्या. "म्हणजे पाय आधी पिकले अन् डोकं मागनं."

याहून चांगलं मला सांगता आलं नसतं. फक्त एक जोडलं: मोठं झालं की आपोआप जाईल असा याचा अर्थ नाही. आकारातला फरक किशोरवयातही टिकून होता, आणि बऱ्याच जणांची लक्षणं मोठेपणीही राहतात, फक्त रूप बदलतं. पळापळ थांबते, किल्ल्या हरवणं सुरू होतं.

"मग डोक्याचा एमआरआय काढायचा का?" हा प्रश्न सूनबाईंचा. नाही. हे सगळे आकडे शेकडो मुलांच्या सरासरीचे. एकेका मुलाकडे पाहिलं तर दोन्ही गट एकमेकांत इतके मिसळलेले असतात, की एका फोटोवरून कोण कुठला हे कुणालाही सांगता येणार नाही. निदानासाठी कुणी एमआरआय लिहून दिला तर पैसे वाचवा.

निदान होतं ते विचारपूस करून, आणि ते घाईत होत नाही. लक्ष न लागण्याच्या नऊ खुणा, चंचलपणा-उतावळेपणाच्या नऊ. कुठल्याही एका यादीतल्या किमान सहा, निदान सहा महिने टिकलेल्या, बाराव्या वर्षाआधी सुरू झालेल्या, आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसणाऱ्या. फक्त शाळेतच दिसत असतील तर आधी शाळा बघावी. आमच्या भागात तर त्याआधी आणखी दोन गोष्टी बघाव्यात असं मला वाटतं. पोराला ऐकू नीट येतं का, कारण रात्रंदिवस मागाच्या आवाजात राहतं ते, आणि झोप पुरते का. शिवाय घरात तेलुगू, गल्लीत कन्नड-मराठी, शाळेत पुस्तकी मराठी. पहिलीतलं मूल खिडकीबाहेर बघत असेल, तर कधीकधी कारण एवढंच असतं की त्याला बाईंचं काही कळत नाही.

आणखी एक आकडा मला झोंबला. अमेरिकेत काही राज्यांत शाळाप्रवेशाची तारीख १ सप्टेंबर असते. म्हणजे ऑगस्टमध्ये जन्मलेलं मूल वर्गात सगळ्यात लहान, सप्टेंबरमधलं सगळ्यात मोठं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ऑगस्टमधल्या मुलांमध्ये एडीएचडीचं निदान दर दहा हजारांत ८५ निघालं, सप्टेंबरमधल्यांत ६४. मेंदूचा आजार जन्माचा महिना बघून येत नाही. बघतात ते आम्ही शिक्षक. वर्षभरानं मोठ्या मुलाशेजारी त्याला बसवतो आणि म्हणतो, हा बघ कसा शांत.

माझ्या वर्गात असा एक होता. उत्तराच्या शेवटच्या ओळीपर्यंत बरोबर, आणि शेवटी वजाचं चिन्ह गायब. मी त्याला किती वेळा वर्गाबाहेर उभं केलं याचा हिशेब ठेवलेला नाही. बाहेर तो कठड्यावर बोटांनी माग चालवल्यासारखा ताल धरायचा. मला तो उद्धटपणा वाटायचा.

आनुवंशिकतेचं थोडक्यात. जुळ्यांच्या अभ्यासांवरून एडीएचडीतला सुमारे ७४ टक्के फरक जनुकांशी जोडला जातो. तो 'लोकांमधला' फरक आहे, एका मुलाच्या आजारातला ७४ टक्के हिस्सा नव्हे. आणि एकच दोषी जनुक नाही. २०२३ पर्यंत जनुकसंचातल्या २७ जागा सापडल्या, प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. आजी म्हणाल्या, याचा बाप पण असाच होता, मागावर बसवला की धागा तुटलेला कळायचाच नाही.

उपचारांबाबत १९९९ ची एक मोठी चाचणी सांगितली पाहिजे: ५७९ मुलं, १४ महिने. काळजीपूर्वक दिलेल्या औषधानं मूळ लक्षणं वर्तन-उपचारांपेक्षा (म्हणजे गोळीशिवाय, वागण्याला वळण लावणाऱ्या उपचारांपेक्षा) जास्त कमी झाली, दोन्हींच्या जोडीनं इतर काही गोष्टीही सुधारल्या. पण तीन वर्षांनी पाहिलं तेव्हा गटांमधला फरक उरला नव्हता. म्हणून गोळी सुरू केली आणि विसरून गेलो असं चालत नाही. डोस, भूक, वजन, उंची, झोप हे डॉक्टरांनी परत परत बघायला हवं, आणि मनानं बंदही करू नये. बाकी वर्गात पहिला बाक, एका वेळी एकच सूचना, दहा गणितांऐवजी पाच-पाचचे दोन तुकडे. याला पैसे लागत नाहीत. मी हे निवृत्तीनंतर शिकले.

रॅपोपोर्टबाईंच्या १९७८ च्या त्या चाचणीत आणखी एक बारीक नोंद होती: औषध दिल्यावर पाचेक तासांनी ती धडधाकट मुलं नेहमीपेक्षा जास्त चळवळी झाली. हे ऐकल्यावर आजींचा चेहरा उजळला. "तरीच! दुपारी शाळेतनं आला की नुसता धिंगाणा." डॉक्टरांना सांगता यावं म्हणून मी त्यांना भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज दुपारी एक शब्द लिहायला सांगितलं. अक्षर त्यांना जेमतेम येतं, म्हणून 'शांत' आणि 'दंगा' एवढेच दोन ठरवले.

परवा महिना भरला. कॅलेंडर घेऊन आम्ही तिघी ओट्यावर बसलो. एका गुरुवारच्या 'शांत'वर बोट ठेवून सून हळूच म्हणाली, "अत्ती, या दिवशी गोळी द्यायची राहिली होती. तुम्ही ओरडाल म्हणून बोलले नव्हते."

आजींनी चष्मा पुसून ती तारीख पुन्हा बघितली. खोडायला म्हणून पेन उचललं, मग तसंच ठेवलं. "राहू दे," म्हणाल्या. "डॉक्टरला हे पण दाखवू."